ध्वजदिन निधी आणि मागे राहिलेलं घर

७ डिसेंबर जवळ आला की ठाण्यात सरकारी कचेऱ्यांपासून शाळेच्या वर्गांपर्यंत ध्वजदिन निधीची लगबग सुरू होते. लाल, गडद निळा आणि फिका निळा, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. या तीन रंगांचा चिमुकला ध्वज छातीवर लागतो, डब्यात नोटा पडतात आणि संकलनाचं उद्दिष्ट कितपत गाठलं याची चर्चा होते. पैसे ‘सैनिकांसाठी’ आहेत एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यात सैनिकाच्या घरच्यांचाही वाटा आहे, आणि तो मान्य व्हायला आपल्या भागात काही शतकं जावी लागली.

या भागातल्या सैनिकांच्या फार जुन्या खुणा म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड. जुन्या साष्टीतल्या, आज बोरिवलीत मोडणाऱ्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची लढाऊ गलबतं कोरलेली आहेत. ती लढाई तेराव्या शतकातली, ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यातली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. वीरगळाची मांडणी ठरलेली असते. खाली युद्ध, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा आणि शेजारी चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. मेलेल्याचा मान त्या दगडात पुरेपूर आहे. त्याच्या बायकोचा दगड वेगळा, तो सतीशिळा. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. तिची नोंद झाली ती ती नवऱ्यामागे चितेवर गेली म्हणून. जी मागे राहिली, जिने पोरं वाढवली, तिच्यासाठी कुणी दगड घडवला नाही. सतीशिळेसमोर उभं राहिलं की मला नेहमी तीच आठवते.

मराठेशाहीत मात्र या मागे राहिलेल्यांसाठी एक शब्द सापडतो, बालपरवेशी. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारातून दिलेली ती नेमणूक. १७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे आला (आज त्यात कारागृह आहे) आणि १७३९ मध्ये वसई पडली. वसईच्या तटाखाली सुरुंगांनी आणि गोळ्यांनी हजारो माणसं गेली. एवढ्या माणसांमागची घरं राज्याने सांभाळायची ही कल्पना तेव्हा आपल्या कारभारात होती. मला ती वीरगळापेक्षा मोठी वाटते.

इंग्रजी अमलात ही जबाबदारी मंडळांकडे गेली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचंच वारस, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं त्याच साखळीतली. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांहून अधिक माणसं हिंदी फौजेत होती. त्यांच्या हालचालींसाठी कल्याणजवळ मोठा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. तिथे लोक अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’ असाच पत्ता सांगतात. त्या बराकींतून आघाडीवर गेलेल्या सैनिकांची आठवण मात्र त्या पत्त्यात कुणाला होत नाही.

महायुद्ध संपलं तशी ही फौज मोकळी होऊ लागली, पाठोपाठ १९४७-४८ ची काश्मीरची लढाई आली. अपंग होऊन परतलेले, चाळिशीच्या आत घरी बसलेले, न परतलेल्यांच्या बायका, या सगळ्यांचं काय करायचं हा प्रश्न नव्या सरकारपुढे होता. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला. उद्देश तीन : युद्धात जायबंदी झालेल्यांचं आणि पडलेल्यांच्या कुटुंबांचं पुनर्वसन, सेवेतल्या सैनिकांचं व त्यांच्या घरच्यांचं कल्याण, आणि माजी सैनिकांची सोय. जवान ऐन उमेदीत निवृत्त होतो, कारण फौज तरुण ठेवावी लागते. त्यामुळे तिसरा उद्देशही तितकाच निकडीचा.

लोकांच्या मनात खरा बदल झाला तो १९९९ मध्ये. १९६५ आणि १९७१ ला बहुतेक घरी तारच यायची. मागाहून ट्रंक यायची, अंत्यसंस्कार तिकडेच उरकलेले असायचे. कारगिलच्या वेळी पार्थिव गावी येऊ लागली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी दारात आली आणि अख्ख्या गावाने, अख्ख्या सोसायटीने त्या घरातल्या बाईचा चेहरा पाहिला. ‘वीरपत्नी’, ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ हे शब्द त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी रुळले.

७ ऑगस्ट २०१८ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे काश्मीरच्या गुरेझमध्ये घुसखोरी रोखताना तीन जवानांसह धारातीर्थी पडले. घरी पत्नी कनिका आणि लहानगा मुलगा. पुढे कनिका राणे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीतून निवडल्या गेल्या, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. प्रत्येक घराला ही वाट जमेल असं नाही, आणि जमलीच पाहिजे असंही नाही.

बहुतेक घरांची लढाई कागदांची असते. लग्नाची नोंद सैनिकाच्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोचलेली नसते, माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, मुलाची जन्मतारीख जुळत नाही, आणि तेवढ्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडून राहतं. हे कागद जुळवून देण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते. तिथे येणारी बाई अनेकदा पहिल्यांदाच एकटीने सरकारी पायरी चढत असते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक घेऊन.