काजळीने काळवंडलेली हौस

भुताचा इंग्रजी सिनेमा लागला की घर ठरलेलं. टोकदार मनोरे, छपराला लाकडी झालर, जिन्याच्या कठड्यावर इंचन्‌इंच नक्षी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (1837 ते 1901) इंग्लंड-अमेरिकेत अशा घराचा केवढा रुबाब होता! मग ती नकोशी का झाली? ‘आवड बदलली’ हे उत्तर खरं, पण अर्धंच. आवड बदलण्यात दिव्याचाही हात होता.

त्या घरांत दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे जळत. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यातले कार्बनचे बारीक कण तापून उजळतात म्हणून. म्हणजे उजेड पाडते ती काजळीच! जळायचे राहिलेले कण हवेत उडतात आणि गार पृष्ठभाग गाठतात. तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून आज्या काजळ धरायच्या, त्यामागेही हेच. कणावर गरम बाजूने आदळणारे हवेचे रेणू जोरात येतात, गार बाजूचे हळू. या धक्क्यांची वजाबाकी केली की कण गारव्याकडे ढकलला जातो. हे थर्मोफोरेसिस. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 1870 मध्ये याचंच दुसरं रूप पाहिलं होतं: धुळकट हवेत तापलेल्या वस्तूभोवती धूळच नसलेली काळी पोकळी.

आता त्या घराचं छत बघा. लाकडी पट्ट्या, खालून चुन्याचा गिलावा. लाकूड उष्णता अडवतं, म्हणून पट्टीखालचा गिलावा उबदार राहतो, दोन पट्ट्यांमधला गार पडतो. काजळी गार जागी जास्त बसते आणि काही वर्षांत छतावर बरगड्यांसारखे पट्टे उमटतात. कुणाला त्यात सांगाडा दिसला तर नवल नाही. भुतांचंच निघालं म्हणून सांगतो: 1921 मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका ‘झपाटलेल्या’ घराची हकीगत छापली. पावलांचे आवाज, अनोळखी आकृत्या, सगळं होतं. घर तापवणारी भट्टी बिघडून कार्बन मोनॉक्साइड घरात भरत होता. मांत्रिक नव्हे, भट्टीवाला कारागीर हवा होता.

गॅसच्या मंद उजेडात गडद पडदे आणि कोरीव कंगोरे काजळी लपवून नेत. एडिसनच्या 1879 च्या दिव्यातही तापून उजळायचा तो कार्बनच, पण निर्वात काचेत कोंडलेला, काजळी शून्य. विजेच्या प्रखर उजेडात मात्र जुनी घाण उघडी पडली. त्यात 1882 मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू शोधला आणि नक्षीच्या खाचांतली धूळ एकदम संशयित ठरली. डॉक्टर गुळगुळीत भिंती आणि ऊन सुचवू लागले.

ती धूळ झटकणार कोण? मोलकरणी पहिल्या महायुद्धात कारखान्यांत गेल्या, पुष्कळशा परतल्याच नाहीत. अमेरिकेत तोवर बुटकी, साधी, मोठ्या ओसरीची घरं खपू लागली होती. त्यांना तिथे ‘बंगलो’ म्हणतात. शब्द मूळचा आपल्याकडचा, बंगालवरून आलेला.