टाके निघाल्यानंतरचे नऊ महिने

धावताना एका पायावर एकदम वळण घेतले किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा टेकला, की कधीकधी गुडघा आतल्या बाजूला वळतो, आत काहीतरी तुटल्याचा आवाज खेळाडूला जाणवतो आणि काही तासांत गुडघा सुजून टम्म होतो. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकस बांधून ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध तुटल्याची ही नेहमीची लक्षणे आहेत. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये ही दुखापत वारंवार होते. आपल्याकडे कबड्डीच्या मैदानावर ‘लिगामेंट गेले’ हे शब्द ऐकलेले नाहीत असा खेळाडू विरळाच. शस्त्रक्रियेत बहुधा खेळाडूच्याच मांडीमागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीसारख्या पट्ट्याचा) भाग घेऊन नवा बंध बसवतात. हे तंत्र आता चांगलेच रुळले आहे.

तरीही २०१४ मध्ये ६९ अभ्यासांतील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले होते, पण दुखापतीपूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच आणि स्पर्धात्मक खेळात अवघे ५५ टक्के. अनेकांचा गुडघा तपासणीत ठीक दिसत होता, तरी ते मैदानात उतरत नव्हते. ही तफावत गुडघ्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी समजत नाही, कारण तिचे एक मोठे कारण गुडघ्याबाहेर आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांत आणि अनेक शाळांत ही तफावत ज्यांना रोज डोळ्यांसमोर दिसते, ते अ‍ॅथलेटिक ट्रेनर. नावावरून व्यायामशाळेतील प्रशिक्षकाची आठवण होते, पण हा प्रशिक्षित आरोग्यव्यावसायिक असतो: दुखापत टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे, दुखापतीचे निदान आणि पुनर्वसन ही त्याची कामे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायाला आरोग्यसेवेचा दर्जा मान्य केला. शल्यचिकित्सक खेळाडूला काही भेटींपुरता पाहतो. ट्रेनर त्याला महिनोन्‌महिने, बहुतेक रोज पाहतो. संपूर्ण व्यक्तीचा विचार करणारी सेवा द्यायची, तर ती देण्याची सर्वांत चांगली संधी त्याच्याकडे आहे, असे मला वाटते.

या विचाराचा पाया रोचेस्टर विद्यापीठातील डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडला. आजार केवळ शरीरातील बिघाड नसून त्यात शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती एकमेकांत गुंतलेली असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कार्यक्षमतेचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले, त्यात हाच विचार व्यवहारात आणला आहे, आणि अमेरिकेतील अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या २०२० च्या अभ्यासक्रम-मानकांत या वर्गीकरणाचा वापर अपेक्षित आहे. त्याच्या चौकटीत एसीएलचा रुग्ण मांडून पाहावा. मांडीच्या पुढच्या स्नायूची घटलेली ताकद ही शरीराची बाब. जिना उतरता न येणे ही कृतीची. संघासोबत सरावाला न जाता आल्याने मित्रांपासून तुटणे ही सहभागाची. क्रीडा शिष्यवृत्ती जाण्याची धास्ती, घरच्यांची अपेक्षा, वसतिगृहातील तिसऱ्या मजल्यावरची खोली हे सारे परिस्थितीचे घटक, आणि व्यायाम नियमित होतो की नाही हे त्यांवरही ठरते.

भीतीला तर शारीरिक परिणाम आहे. पुन्हा दुखापत होईल या धास्तीने खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि दुखऱ्या पायाचा स्नायू आणखी मागे पडतो. ही भीती मोजताही येते. ऑस्ट्रेलियातील केट वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एसीएलच्या रुग्णांसाठी बारा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. खेळाकडे परतण्याविषयीच्या भावना, आत्मविश्वास आणि वाटणारा धोका यांची उत्तरे खेळाडू स्वतः देतो. गुडघा किती वाकतो याच्या नोंदीशेजारी ही नोंद असलीच पाहिजे, कारण ती माहिती दुसऱ्या कोणत्याही उपकरणातून मिळत नाही.

मात्र अशी संपूर्ण व्यक्तीचा विचार करणारी, म्हणजे रुग्णकेंद्री, सेवा म्हणजे रुग्ण म्हणेल ते करणे, हा समज धोक्याचा आहे. सहाव्या महिन्यात दुखणे थांबलेले असते, अंतिम सामने तोंडावर असतात आणि एकोणीस वर्षांची खेळाडू ‘मला उतरू द्या’ असा आग्रह धरते. २०१६ च्या एका अभ्यासात १०६ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबले, त्यातील दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्यांचे निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. निकष पूर्ण केलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. हे आकडे तिच्यापुढे तिला समजतील अशा शब्दांत ठेवणे, सामना हुकण्याचे दुःख खरे मानणे आणि नकार का दिला जात आहे हे तिला पटेपर्यंत सांगणे, ही रुग्णकेंद्री सेवा. नुसता नकार देण्यापेक्षा याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

असा नकार देणाऱ्याची नोकरी संघप्रशिक्षकाच्या मर्जीवर असेल, तर हे सगळे कागदावर राहते. म्हणूनच अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने, एनसीएएने, २०१६ पासून मोठ्या विद्यापीठांसाठी केलेला नियम मला महत्त्वाचा वाटतो: खेळाडूच्या उपचारांचा आणि खेळात परतण्याचा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर यांचा असेल आणि प्रशिक्षकाला तो बदलता येणार नाही.

आता त्या ५५ टक्क्यांकडे पुन्हा पाहावे. स्पर्धेत न परतलेल्यांत भीतीने अडकलेले आहेत, अपुरे पुनर्वसन मिळालेले आहेत, पण शिक्षण, नोकरी किंवा संसार यांना आता अधिक महत्त्व देऊन विचारपूर्वक थांबलेलेही आहेत. आकडेवारीच्या तक्त्यात हे सारे एकाच रकान्यात जातात. त्यांपैकी कोणाला मदत हवी होती आणि कोणाला नको होती, हे पहिल्या आठवड्यातच ‘बरे झाल्यावर तुला काय करायचे आहे?’ असे विचारले आणि दर महिन्याला पुन्हा विचारले, तरच कळते.