अवरक्त शीट फिल्म : उद्भासन आणि विकासन

दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडील, म्हणजे सुमारे ७०० नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीच्या प्रारणालाही संवेदनशील असलेली आणि सुट्या तावांच्या रूपात मोठ्या कॅमेऱ्यात वापरली जाणारी कृष्णधवल फिल्म. ही संवेदनशीलता सिल्व्हर हॅलाइडमध्ये मुळात नसते. पायसात (फिल्मवरील प्रकाशसंवेदी लेपात) मिसळलेल्या रंजकद्रव्यांमुळे ती येते. दृश्य प्रकाशाची, विशेषतः निळ्याची, संवेदनशीलताही कायम राहत असल्याने फिल्टरवाचून काढलेले चित्र साध्या फिल्मवरील चित्राहून फारसे वेगळे दिसत नाही.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये अवरक्त निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत दिसणारी पांढरी झाडे व काळवंडलेले आकाश हीच या तंत्राची ओळख ठरली. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, अवरक्त मात्र शोषत नाही. पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या तो मोठ्या प्रमाणात परत फेकतात. हवेतील रेणूंमुळे होणारे विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ८०० नॅनोमीटरला ते ४०० नॅनोमीटरच्या एक-सोळांश उरते व निरभ्र आकाश काळे उमटते. अवरक्त फिल्म धुके भेदते ही ख्याती मात्र अर्धीच खरी आहे. बाष्पाचे थेंब व जाडसर धूलिकण सर्वच तरंगलांबींना जवळपास सारखे विखुरतात, म्हणून हिवाळ्यातील सकाळी मुंबईवर साचलेल्या धुरक्यापलीकडचे या फिल्मलाही स्पष्ट दिसत नाही.

फिल्टर फिल्मच्या मर्यादेला जुळणारा हवा. कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत पोहोचत असे. ती २००७ मध्ये बंद झाली. एफके आयआर ८२० ही क्रोएशियातील कारखान्यासोबत २०१२ मध्ये संपली. ४×५ इंची तावांतही निघालेली रोलाय इन्फ्रारेड ४०० सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत जाते. तिच्यासाठी ७२० नॅनोमीटरला निम्मा प्रकाश सोडणारा होया आर७२ योग्य ठरतो. त्याहून लांब तरंगलांबींपासूनच प्रकाश सोडणारा रॅटन ८७सी लावल्यास फिल्मला दिसण्याजोगे फारच थोडे उरते, तर तांबड्या क्रमांक २५ फिल्टरने आकाश गडद होते पण पाने पुरती उजळत नाहीत.

साधा प्रकाशमापक अवरक्त प्रकाश फिल्मप्रमाणे मोजत नाही. त्यामुळे मापन फिल्टरशिवाय करून फिल्मची गती (प्रकाशाला प्रतिसाद देण्याचे माप) ६ ते १२ आयएसओ धरतात. भर उन्हात एफ/२२ या लहान छिद्राला हे उद्भासन (फिल्मवर प्रकाश पडू देणे) साधारण एक-षष्ठांश ते एक-तृतीयांश सेकंदाचे होते. हा हिशेब थेट उन्हापुरताच खरा आहे. पावसाळी ढगाखाली मापकाचा आकडा आणि पोहोचणारा अवरक्त प्रकाश यांचे नाते बिघडते, म्हणून मुंबईत पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर सर्वांत सोयीचा. तेव्हा आकाश धुतलेले असते आणि राणीच्या बागेतील किंवा ओव्हल मैदानाच्या कडेची झाडे भरगच्च असतात. दुपारी समुद्रवारा सुटला की एवढ्या उद्भासनात पाने हलतात, सकाळ बरी. समुद्राचे पाणी अवरक्त शोषते, त्यामुळे ते गडद उमटते.

आर७२ मधून घासकाचेवर (कॅमेऱ्यामागील, प्रतिमा पाहण्याच्या दुधी काचेवर) जवळजवळ काहीच दिसत नसल्याने चौकट व फोकस आधी साधून मगच फिल्टर लावतात. अवरक्त प्रतिमा दृश्य प्रतिमेच्या किंचित मागे पडते. भिंग केंद्रांतराच्या सुमारे ०.२५ टक्के पुढे सरकवावे असा जुना संकेत आहे. १५० मिलिमीटरच्या भिंगाला ते सुमारे ०.४ मिलिमीटर होते. एफ/२२ वर हा फरक बहुधा झाकला जातो. काही भाते (कॅमेऱ्याचा घडीचा मधला भाग) व फिल्मच्या होल्डरवरील प्लॅस्टिकची सरकती झाकणे, म्हणजे डार्क स्लाइड, दृश्य प्रकाश अडवतात पण अवरक्त सोडतात. फिल्म भरलेला होल्डर उन्हात ठेवून ती धुऊन पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

शीतकपाटातील पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये. दमट हवेत थंड फिल्मवर लगेच बाष्प जमते. होल्डर संपूर्ण अंधारात भरावा लागतो. अंधारात पाहण्याची अवरक्त दुर्बीण काही जण साध्या फिल्मसाठी वापरतात, पण इथे तिचाच प्रकाश फिल्म काळी करतो.

डी-७६ सारखे नेहमीचे विकासक (फिल्मवरील प्रतिमा उमटवणारी रसायने) चालतात. अडचण तापमानाची असते, कारण विकासनाच्या वेळांचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सिअसचे आणि मुंबईच्या नळाचे पाणी बऱ्याचदा २७ अंशांच्या वर. वेळ घटवत पाच मिनिटांखाली नेल्यास विकासन डागाळते. त्याऐवजी ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा किंवा विकासक दुप्पट पातळ करून वेळ वाढवावी, आणि धुण्याचे पाणीही विकासकाच्या जवळपासच्या तापमानाला ठेवावे; ऊबेने फुगलेले जिलेटिन नखाच्या स्पर्शानेही ओरखडते. शीट फिल्मचा खरा फायदा इथे मिळतो. एकाच दृश्याचे दोन ताव सारखेच उद्भासित करून एक आधी धुतात. निगेटिव्हमध्ये पर्णसंभार फार दाट उतरून तपशील बुजला असेल, तर दुसऱ्याची विकासनाची वेळ कमी करतात. सावल्या कोऱ्या असतील, तर विकासन वाढवून त्या भरत नाहीत. नवा ताव अधिक उद्भासन देऊनच घ्यावा लागतो.