धूर सोसत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

फोडणीत लाल मिरची जरा जास्त करपली की घरातले सगळेच खोकतात. पाच मिनिटांत बाकीच्यांचा ठसका थांबतो, पण एखादीची ढास तासभर सुटत नाही, छाती आवळल्यासारखी होते, रात्री पुन्हा खोकला उठतो. जिन्यात नुकतंच टाकलेलं फिनेल, शेजारची उदबत्ती, लिफ्टमध्ये रेंगाळणारा कुणाचा सेंट, एवढ्यानेही तिचा घसा धरतो. मग कुणी म्हणतं नाजूक आहे, कुणी म्हणतं मनाचे खेळ, आणि फारच सहानुभूती असली तर ‘ॲलर्जी असेल’. यातली पहिली दोन उत्तरं अन्यायाची आहेत आणि तिसरं बहुतेक वेळा चुकीचं.

मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन आपल्या चेतातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळालं, त्यामागे हेच काम होतं. चटका बसेल इतकी उष्णता आणि आम्ल यांनीही ते जागं होतं. त्याचंच भावंड असलेलं टीआरपीए१ मोहरीतला झोंबरा घटक, क्लोरीन आणि ॲक्रोलीन ओळखतं. जळलेल्या तेलाच्या वाफेत आणि लाकडाच्या धुरात डोळे चुरचुरतात ते बऱ्याच अंशी या ॲक्रोलीनमुळे.

श्वासनलिकांच्या अस्तरात अशा चेतातंतूंचं दाट जाळं असतं. त्यांनी संदेश पाठवला की मेंदूच्या तळाकडून तीन हुकूम सुटतात: खोका, कफ सोडा, नळ्या आवळा. फुफ्फुसं वाचवण्याची ही व्यवस्था प्रत्येकात आहे. माणसामाणसांत फरक पडतो तो ती किती थोड्या कारणाने सुरू होते यात. सर्दी-तापाच्या विषाणूने, दम्याने, घशापर्यंत येणाऱ्या आम्लाने किंवा वर्षानुवर्षांच्या धुराने अस्तर सुजलं की हे चेतातंतू हुळहुळे होतात. भाजलेल्या त्वचेवर कोमट पाणीही झोंबतं, तसं इतरांना जाणवणारही नाही एवढा धूर त्यांना पुरतो. हे मोजताही येतं. कॅप्सेसिनचा फवारा हळूहळू तीव्र करत नेऊन, पाच वेळा खोकला येण्यासाठी किती तीव्रता लागली, याची संशोधक नोंद करतात. या चाचणीत सरासरीने स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी तीव्रतेतच खोकला येतो. स्वयंपाक आणि साफसफाई आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येते हे लक्षात घेतलं, तर ‘सवय होईल’ हा सल्ला किती निर्दय आहे ते कळतं.

ॲलर्जीत शरीर एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. धुराच्या झोंबण्याला प्रतिपिंडं लागत नाहीत. म्हणून अनेकांची त्वचेवरची ॲलर्जी चाचणी कोरी येते, सर्दीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही आणि ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकावं लागतं. रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास खरा असू शकतो.

घरातला एक मोठा धोका मात्र स्वयंपाकघरात नसतो, तो संडास-बाथरूममध्ये असतो. टॉयलेट क्लीनरच्या बहुतेक बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या ‘ॲसिड’मध्ये तर ते बरंच तीव्र असतं. ब्लीचिंग पावडर आणि ब्लीचच्या द्रावणात हायपोक्लोराइट असतं. दोन्ही एकत्र टाकलं की दुप्पट स्वच्छता होत नाही, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन तयार होतं, तेही तसंच दाहक. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या व्यक्तीचं नाक नेमकं तिथेच असतं. श्वासनलिकेतल्या ओलाव्यात विरघळून त्याची पुन्हा आम्लं बनतात आणि ती अस्तर जाळतात. असं झालं तर पाणी ओतत किंवा साफ करत थांबू नये. लगेच मोकळ्या हवेत यावं, डोळे चुरचुरत असतील तर भरपूर पाण्याने धुवावेत आणि दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठावा. त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नये.

अमेरिकेतले डॉक्टर स्टुअर्ट ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांना आधी दमा नव्हता. दाहक वायूचा एकच मोठा झटका बसला, चोवीस तासांच्या आत लक्षणं सुरू झाली आणि महिनोन्महिने टिकली. एका दुपारच्या साफसफाईने श्वासनलिका दीर्घकाळ हुळहुळ्या होऊ शकतात, ही गोष्ट दिवाळीच्या सफाईआधी प्रत्येक घरात सांगायला हवी.

रोजची थोडी थोडी वाफही निरुपद्रवी नाही. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपातल्या ६ हजारांहून अधिक लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. घरी किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुफ्फुसक्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली दिसली. अशा अभ्यासातून थेट कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण सावध व्हायला एवढं पुरेसं आहे. स्प्रेपेक्षा फडक्यावर ओतून पुसणं बरं, कारण फवाऱ्याचे बारीक थेंब थेट श्वासात जातात. रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं. सुवास म्हणजे स्वच्छता, ही समजूत तर मुळातून टाकून द्यावी.

धुराच्या बाबतीत डोळे फसवतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर टाकते असं आढळलं. हे सगळे कण छातीत जातात असा याचा अर्थ नाही, पण बंद खोलीत रात्रभर तीच हवा आपण घेत असतो. मच्छरदाणी हा उपाय जुना आहे आणि आजही उत्तम आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा तपासलेल्या प्रकारांत सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीने सोडले. आवाज नाही, भडका नाही, म्हणून आपण ती लहान मुलांच्या हातात देतो, आणि मुलं तिच्यावर वाकून बसतात.

मास्कबद्दलही गैरसमज आहेत. एन९५ मास्क धुराचे कण अडवतो, पण ॲसिडची वाफ, रंगाचा वास किंवा क्लोरीन अडवत नाही. हेपा फिल्टरच्या एअर प्युरिफायरचंही तेच. वायूंसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो आणि तोही काही काळाने निकामी होतो. तोंडाला बांधलेला ओढणीचा पदर दोन्हीसाठी जवळपास निरुपयोगी. खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा फोडणी जळल्यावर नव्हे, गॅस पेटवण्याआधी सुरू करावा.

मनाचा भाग अजिबात नसतो का? असतो, पण टोमणे मारणाऱ्यांना वाटतो तसा नाही. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत दम्याच्या रुग्णांना गुलाबासारखा निरुपद्रवी वास दिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ‘याने दमा वाढू शकतो’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्या श्वासनलिकांचा दाह खरोखर वाढला, आणि तो उच्छ्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडवरून मोजला गेला. भीती शरीरात उतरते ती अशी. म्हणून रुग्णाला धीर देणं हाही उपचाराचाच भाग आहे.

दम्याचं निदान झालं असेल तर श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड नियमित घेणं महत्त्वाचं, कारण ते मूळ सूज उतरवतं. ‘इन्हेलरची सवय लागते’ या भीतीने आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलर घेऊनही आराम नसेल, तर वाट न पाहता रुग्णालयात जावं.

आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा विचार करा. त्या दिवसाला चार-पाच घरांचे संडास घासतात, बाटली मात्र आपण निवडतो. त्यांना खोकला असेल तर फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर आणून द्यावा; तो स्वस्तात मिळतो. दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आकडे लिहून ठेवावेत. सुट्टीत आकडा चढत असेल आणि कामावर परतल्यावर उतरत असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. कामातून होणारा दमा ओळखताना डॉक्टर नेमकं हेच शोधत असतात.