जेवायला काय होतं, आउगुस्टेबाई?

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर जेवत होत्या. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय, असं डॉ. अल्झायमर यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, पालक. स्वतःचं नाव आउगुस्टे, नवऱ्याचं नाव विचारलं तरी बहुधा आउगुस्टेच. स्मृती पुसणाऱ्या या आजाराला पुढे याच डॉक्टरांचं नाव मिळालं: अल्झायमर.

१९०६ मध्ये त्या गेल्या. मग त्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली आले. पेशींच्या बाहेर साचलेले ढिगारे आणि आत तंतूंचा गुंता दिसला. ढिगारे बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे, गुंता टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा, हे पुढे कळलं. प्रश्नोत्तरं जिवंतपणी, पुरावा मात्र मेल्यावर! पुढची कित्येक दशकं हे असंच चाललं.

आता पुरावा जिवंतपणीच मिळतो. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या मेंदूच्या चित्रात, अमायलॉइड दिसतं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, तर त्यात अमायलॉइड-४२ (त्याच प्रथिनाचा एक प्रकार) कमी भरतं. ते मेंदूतच अडकून पडलेलं असतं ना! रक्तात पी-टाऊ २१७ हे टाऊचं एक रूप वाढतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-४२ यांचं प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही लक्षणं असलेल्या, ५५ किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांसाठी.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. अमायलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचू लागतं, आणि ते साचलेलं असूनही काही माणसं शेवटपर्यंत शाबूत राहतात. म्हणून धडधाकट माणसाने नुसत्या धास्तीपोटी ही चाचणी करून घेऊ नये. विसरभोळेपणा बी-१२ च्या कमतरतेने किंवा थायरॉइडनेही येतो, ते आधी पाहावं.

आणि कागद-पेन्सिल हवीच. ‘घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ इथे मोठा काटा २ वर हवा. पण कानावर ‘दहा’ पडलेलं असतं, डोळ्यांना समोर १० दिसतो आणि काटा तिकडेच ओढला जातो. तो मोह आवरायला मेंदूचा पुढचा भाग जागा लागतो. पाच शब्द सांगून काही मिनिटांनी विचारतात. म्हातारपणाच्या साध्या विसराळूपणात ‘फुलाचं नाव होतं’ म्हटलं की शब्द आठवतो. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा खूण देऊनही आठवत नाही, कारण तो शब्द आत नीट रुजलेलाच नसतो.

पण ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचं काय? तिला घड्याळावर नापास करणं हा सरळ अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी नव्वदच्या दशकात हे ओळखलं आणि हिंदीत वेगळी चाचणी बेतली. तीत वाक्य लिहायला लावत नाहीत, घराबद्दल काही सांगा म्हणतात. आपल्याकडची आजी तारीख चुकेल, एकादशी चुकणार नाही. म्हणून चांगला डॉक्टर सुनेकडे वळून विचारतो: आधी यांना सहज जमायचं आणि आता अडतं, असं काय आहे? सून जरा थांबते. मग म्हणते, आमटीत मीठ दोनदा पडतं.