दारं दोन, पाटी एकच

"नवीन उभं केलं तेव्हा नीट चालू झालं. रीबूट केलं की अडतं."

सहकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. बिघाड असेल तर यंत्र पहिल्याच फटक्यात अडायला हवं. काल चाललेलं आज तसंच्या तसं असताना चालत नाही, असं कसं? मग मी स्वतः रीबूट केलं. काळ्या पडद्यावर पीएक्सई-ई१६ उमटलं. म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही.

हे यंत्र नेटवर्कवरून बूट होणारं होतं. अशा यंत्राला स्वतःची डिस्क लागत नाही. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात आणि तिचं आजही वापरात असलेलं विनिर्देशन इंटेलने १९९९ मध्ये काढलं. यंत्र जागं झालं की फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीच कोरलेलं सॉफ्टवेअर, नेटवर्कवर हाक मारतं: मी आलोय, मला पत्ता कोण देतं? पत्ते वाटायच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि ही हाक म्हणजे डीएचसीपी डिस्कव्हर. सर्व्हर उत्तर देतो, ती ऑफर. त्यात आयपी पत्ता असतो आणि कोणती फाइल कुठून उचलायची तेही असतं. मग टीएफटीपी नावाच्या साध्यासुध्या पद्धतीने, मुळात ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी, ती फाइल येते आणि पुढचा गाडा सुरू होतो.

आमचं यंत्र मात्र खरं नव्हतं. ते एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहणारं आभासी यंत्र होतं, आणि त्याला दोन नेटवर्क कार्डं होती. एक व्हर्टआयओचं, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरचं. त्याचं प्रत्येक पॅकेट यजमान सर्व्हरच्या हातून जातं. दुसरं म्हणजे सर्व्हरच्या खऱ्या कार्डाचा एक तुकडा. एसआर-आयओव्ही तंत्राने एकाच कार्डाचे असे कितीतरी तुकडे पाडता येतात. त्याला व्हर्च्युअल फंक्शन म्हणतात, आपण व्हीएफ म्हणू. ते थेट यंत्राच्या ताब्यात जातं, मध्ये यजमानाची लुडबूड नाही, म्हणून वेगवान. पण व्हीएफ त्या खऱ्या कार्डाला जखडलेलं असतं. चालू यंत्र न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं तर व्हीएफ सहसा सोबत नेता येत नाही.

यावर तोडगा म्हणजे फेलओव्हर. दोन्ही कार्डांची जोडी लावायची. एरवी व्हीएफवरून वाहतूक, हलवायच्या वेळी व्हीएफ काढून घ्यायचं आणि तेवढ्यापुरतं व्हर्टआयओवर भागवायचं. लिनक्समध्ये ही सोय २०१८ च्या ४.१८ आवृत्तीत आली, आभासी यंत्रं चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये २०१९ अखेरच्या ४.२ मध्ये. जोडी कशी ओळखायची? दोघांचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची नेटवर्कवरची ओळख, एकच ठेवायचा. कल्पना फार सुरेख आहे, आणि माझ्या मते अर्धी डोकेदुखी तिच्यातूनच येते.

सोसायटीतला एक फ्लॅट डोळ्यासमोर आणा. त्याला एक दार रस्त्यावर उघडतं आणि दुसरं आत, वॉचमनच्या केबिनकडे. दोन्ही दारांवर पाटी तीच. पहाटे घरमालक अजून रस्त्याकडच्या खोलीत गेलेला नाही, त्या दाराची कडी लागलेली आहे. तो वॉचमनकरवी चिठ्ठी पाठवतो. पण पोस्टमनच्या वहीत या नावासमोर रस्त्यावरचंच दार लिहिलंय. तो उत्तर तिथे टाकून निघून जातो. मालक आतल्या दाराशी वाट बघत बसलेला.

आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं, पण कळायला अर्धा दिवस गेला. पहिला संशय मी नेहमीप्रमाणे बाहेरच्या स्विचवर घेतला. स्विचमध्ये जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री, म्हणजे पॅकेटं गोल फिरत राहू नयेत म्हणूनचा बंदोबस्त, असेल तर नव्याने जागं झालेलं पोर्ट १५ अधिक १५ अशी ३० सेकंदं पॅकेट पुढे सोडत नाही, आणि तोवर घाईचं फर्मवेअर कंटाळून हात टेकतं. पण इथे यजमानाचं पोर्ट कधी बंदच झालं नव्हतं. स्विचवर उगाच आळ.

मग डीएचसीपी सर्व्हरची नोंद उघडली. हाक पोचली होती. ऑफर गेली होती, एकदा नव्हे, दर हाकेला. यजमानावर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावून बसलो तर हाक बाहेर जाताना दिसे, ऑफर आत येताना दिसत नसे. म्हणजे पाणी मुरत होतं ते बाहेरचा स्विच आणि यजमान यांच्यामध्ये. तिथे तर एक केबल आणि एक कार्ड, एवढंच.

त्या कार्डाच्या आतही एक छोटा स्विच असतो! व्हीएफला मॅक पत्ता दिला की त्या स्विचमध्ये नोंद होते: या पत्त्याची पॅकेटं थेट व्हीएफकडे. यजमानाला ती दिसतसुद्धा नाहीत. पहिल्या वेळी यंत्रात फक्त व्हर्टआयओ होतं, म्हणून सगळं सुरळीत. आतल्या लिनक्सने "मला जोडी चालते" असं कळवल्यावर आमच्या स्क्रिप्टने व्हीएफ जोडलं आणि मॅकची नोंद केली. रीबूटच्या वेळी तीच स्क्रिप्ट व्हीएफ काढून घेई, नोंद पुसायला मात्र विसरे.

इथे एक गंमत सांगायला हवी. डीएचसीपीच्या हाकेत "उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं द्या" अशी खूण करता येते. तशी खूण असती तर ऑफर व्हर्टआयओकडेही आली असती, पत्ता मिळाला असता आणि घोडं पुढे टीएफटीपीपाशी अडलं असतं, कारण ते बोलणं एकास एक असतं. पडद्यावर ई१६ ऐवजी ई१८ दिसलं असतं, जुन्या बायोसवर ई५१ ऐवजी ई३२. रोग एकच, पण आम्ही टीएफटीपी सर्व्हर उसवत बसलो असतो.

दुरुस्ती किरकोळ. व्हीएफ काढताना त्याचा मॅक शून्यावर आणायचा आणि तो पत्ता मुख्य, म्हणजे खऱ्या, कार्डाच्या नावावर चढवायचा. आमच्या स्क्रिप्टमध्ये या दोन ओळी रीबूटच्या वाटेवरही घातल्या. ई१६ गेलं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उतरला.

आणि पुढच्याच पायरीवर पुन्हा खोळंबा. मूळ फाइलप्रणाली एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कपलीकडे, होती, ती जोडली जाईना.

कारण पुन्हा पाटी. लिनक्समध्ये या जोडीची दोन नव्हे, तीन नावं दिसतात: वरचं ईएनएस१०, त्याखाली व्हर्टआयओचं ईएनएस१०एनएसबीवाय आणि व्हीएफचं ईएनएस११. तिघांचा मॅक एकच. कर्नल चढवणारा बूटलोडर त्याला "ज्या कार्डावरून आलास त्याचा मॅक हा" एवढंच सांगतो, आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टा त्यावरून कार्ड शोधतात. आमच्या स्क्रिप्टने हाताला लागलं ते उचललं: एनएसबीवाय. पण खालच्या कार्डावर आलेलं पॅकेट कर्नल वरच्या नावाकडे वळवतो. खाली पत्ता मागत बसलेल्याला काही ऐकू येत नाही.

नावांचा घोळ तर कर्नललाही सोडवावा लागला होता. वरचं कार्ड आधीच चालू असेल, तर खाली आलेलं व्हीएफ कर्नल लगेच चालू करतो, आणि चालू कार्डाचं नाव बदलायला तेव्हा मनाई होती. कार्डांना नावं देणाऱ्या यूडेव्हचा हात तेवढ्यात पोचला नाही तर व्हीएफ जुन्याच नावाने राही. २०१९ मध्ये अशा कार्डांपुरती ती मनाई उठवली गेली.

आम्ही स्क्रिप्टला एवढंच शिकवलं की मॅक जुळला तरी ज्याच्या डोक्यावर दुसरं कार्ड बसलंय त्याला हात लावायचा नाही. मग सलग सहा वेळा रीबूट केलं. सहाही वेळा पत्ता ईएनएस१० वर आला. सातव्यांदा सहकाऱ्याने, माझ्यावर विश्वास नसल्यासारखं, स्वतः करून बघितलं.