घरचा व्हॉइस सर्व्हर: आम्हाला बोलावण्याआधी एक आकडा बघा

व्हॉइस सर्व्हर म्हणजे गेम खेळताना मित्रांशी बोलायला आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचा सर्व्हर. आम्ही तो घरी येऊन बसवून देतो. शनिवारी रात्री दुकानाचा फोन वाजला की वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "सर्व्हर चालू आहे, माझ्याकडून लागतोय, पण पोरांना कनेक्टच होत नाही." त्याआधीचे दोन-तीन तास राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून सर्व्हरपर्यंत यायचं नंबर दिलेलं दार) उघडण्यात गेलेले असतात.

पोर्टला हात लावायच्या आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'वॅन आयपी' (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. सोसायटीचं गेट एक आणि वॉचमनकडे फ्लॅट नंबरच नाहीत, असा प्रकार. मित्राचा कॉल गेटपर्यंत येतो आणि परत जातो. आकडा '१०.' (१० आणि लगेच टिंब; १०३ वगैरे नव्हे) किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा मध्ये दुसरा राउटर आहे, नाहीतर केबलवाल्याचीच तशी जोडणी आहे. आपला आयपी दाखवणाऱ्या साइटवरचा आणि राउटरमधला आकडा जुळला, तरच पोर्टच्या मागे लागा. जुळत नसेल तर कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, मागा (बहुतेक ठिकाणी महिन्याला जादा पैसे पडतात), किंवा ज्या मित्राचा आकडा जुळतो त्याच्या घरी सर्व्हर ठेवा. दुसऱ्या उपायात आमचं काम जातं, तरी आम्ही तो सांगतो.

व्हॉइस सर्व्हरसाठी आम्ही मम्बल हे सॉफ्टवेअर बसवतो. ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही आरामात चालतं. टीमस्पीक हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअरसुद्धा परवान्याशिवाय ३२ जणांपर्यंत चालतं, त्यात वाईट काही नाही. आमचा हात मम्बलवर बसलाय, एवढंच. तीन-चार जणच खेळत असाल तर घरी सर्व्हर न लागणारं डिस्कॉर्ड ॲप पुरे, उगाच खर्च करू नका.

मम्बलचा पोर्ट ६४७३८ (कमोडोर ६४ हा जुना कॉम्प्युटर वापरलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल). राउटरमध्ये तो टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती, आवाजाला यूडीपी बरी) दोन्हींसाठी उघडा. नुसता टीसीपी उघडला तरी आवाज येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, मग ऐन फाइटमध्ये "डावीकडे!" हा शब्द तुम्ही मेल्यावर पोचतो. तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून कनेक्ट करा. घरच्या वायफायवरून लागला याचा काही उपयोग नाही.

आवाजासाठी मोठा प्लॅन घेऊ नका. एका माणसाचा आवाज साधारण ४० ते ७० केबीपीएस खातो. पाच-सात जणांना साधी फायबर लाइन पुरते. त्यापेक्षा राउटरला छोटा यूपीएस लावा, लाइट गेली की सर्व्हरसकट सगळे बाहेर पडतात. तो आमच्याकडे मिळतो, वापरलेले लॅपटॉपही मिळतात.

भेटीचे पैसे आम्ही "तुमच्या लाइनवर हे होणार नाही" असं सांगितलं तरी घेतो. यावर काहींची नाराजी असते. पण ते शोधायलाही आमचा माणूस तासभर तुमच्या घरी बसलेला असतो, आणि ही भेट वाचावी म्हणूनच हा कागद छापलाय. फोन करण्याआधी वॅन आयपी दिसणाऱ्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तो बघायचे पैसे नाहीत.